आमच्या गल्लीचा कोंबडा

कोंबड्या पाळणं हेही काम असतं, हे मला फार उशिरा कळलं. घरी कुणी सरकारी माणूस आला आणि तुम्ही काय करता असं त्यानं विचारलं, की मी तोंड उघडायच्या आत सासूबाई आतून सांगायच्या, "ती काय करनार? घरीच असती." माणूस मान डोलवायचा आणि निघताना परसाकडं बघत हळूच विचारायचा, गावठी अंडी मिळतील का. जवळजवळ सगळं आयुष्य मी हे न केलेलं काम करत आले. आता गुडघे वाकत नाहीत, खुराड्यात हात घालता येत नाही, म्हणून त्यावर लिहायला बसले आहे.

पडेगावला मी लग्न होऊन आले तेव्हा दौलताबादच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी शेतं होती. शहर म्हणजे लांब कुठंतरी क्रांती चौकाकडं. आमचे मालक वाळूजकडच्या एका कारखान्यात पाळीनं जायचे. वाट्याला आलेली जमीन थोडकी, ती दीर बघायचे. मला करण्यासारखं उरलं होतं ते घरामागचं परस. सासूबाईंना कोंबडीचा वासही चालायचा नाही. घरात मटण-अंडं शिजायचं ते मागच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. तरी मी माहेरून दोन तलंगा आणल्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या. सासूबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की जणू मी दोन सवती घेऊन आले आहे. "उंबऱ्याच्या आत एक जरी आली तरी तू बी तिच्यासंगं बाहेर," एवढंच त्या म्हणाल्या. तो करार आम्ही दोघींनी पुष्कळ वर्षं पाळला.

आमची गल्ली म्हणजे चार घरं. पहिलं आमचं, त्याला लागून जैनबआपांचं, मग शांताकाकूंचं आणि टोकाला रुक्मिणचं. आपा वयानं माझ्या आईएवढ्या, एकट्या राहायच्या. या धंद्यातलं मला जे काही येतं ते त्यांनी शिकवलं. रुक्मिण माझ्याच वयाची, एकाच सालात दोघी या गल्लीत सुना म्हणून आलो. नळावर एकीची घागर दुसरीनं भरावी, इतकं आमचं होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कोंबडा असला तरच कोंबडी अंडी देते. तसं नसतं. कोंबडी आपली आपण अंडी देते; त्यातून पिल्लू निघायचं असेल तर कोंबडा लागतो. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरे होतो. दोन ठेवले की ते दिवसभर एकमेकांचे तुरे रक्तबंबाळ करत बसतात, आणि जो जिंकतो तो कोंबड्यांच्या पाठीची पिसं उपटून काढतो. चारही घरांत मिळून एवढ्या कोंबड्या नव्हत्याच की घरोघर कोंबडा पोसावा. परसांमध्ये बाभळीच्या काट्याची कुंपणं होती, त्यामुळं एकीकडचा कोंबडा आपोआप दुसरीकडं जायचा नाही. म्हणून आपांनी पूर्वीपासून पद्धत लावून दिली होती. गल्लीला कोंबडा एक. काही दिवस या घरी, काही दिवस त्या घरी. काखेत मारायचा आणि नेऊन सोडायचा.

पण तो एक कोंबडा निवडणं मोठं जोखमीचं. एका उबवणीतली अर्धी पिल्लं तरी नर निघतात. चार-पाच महिन्यांची झाली की एकमेकांवर माना फुगवून उभी राहतात. त्यातला एक ठेवायचा, बाकीचे बाजारात किंवा चुलीवर. ज्याला आपण तळहातावर कणी चारली त्याला दुसऱ्याच्या हातात देताना मला त्याच्याकडं बघणं कधी जमलं नाही. मी घेणाऱ्याच्या पायांकडं बघत द्यायची. आपा म्हणायच्या, रुबाब बघू नको, दाणा टाकून बघ. दाणा दिसल्यावर जो आधी स्वतः टिपतो तो नाही ठेवायचा. जो दाण्यापाशी थांबून कुटूकुटू आवाज काढून कोंबड्यांना बोलावतो, तो ठेवायचा. घार आली की जो वर बघून ओरडतो आणि कोंबड्या झुडपात गेल्यावर मग स्वतः जातो, तो. आणि दोन वर्षांवर कुठलाही ठेवायचा नाही, नाहीतर त्याच्याच लेकींची पिल्लं व्हायला लागतात आणि ती मरतुकडी निघतात.

फौजदार या सगळ्या परीक्षांतून पास होऊन आला होता. तांबडा, शेपटीत काळं-हिरवं पीस, आणि चालणं असं की कुणाची तरी झडती घ्यायला निघाला आहे. नाव त्यावरूनच पडलं. आपांनी दौलताबादच्या भाचीकडून अंडी आणून स्वतःच्या खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेल्या, कोंबडीखाली बसवली होती, त्यातला हा. वर्षाचा झाल्यावर मात्र माणसांवर धावून यायला लागला. शांताकाकूंच्या पोटरीत पायाचा काटा मारला. तो काटा कोंबड्याच्या पायाला मागच्या बाजूनं वाढतो आणि चांगला खिळ्यासारखा लागतो. काकूंनी खराटा घेतला की तो आणखी चेकाळायचा. मारलं की त्याला वाटतं, हा दुसरा कोंबडाच आहे. आणि पळालं की वाटतं, आपण जिंकलो. आपांनी मला सांगितलं, आला की उचल, काखेत घट्ट धर आणि तुझी कामं कर, त्याच्या कोंबड्यांच्या देखत. मी तशीच एका काखेत फौजदार घेऊन परस झाडलं, कपडे वाळत घातले. काट्याचं टोक कानशीनं घासून बोथट केलं. पंधरा-वीस दिवसांत तो निवळला. सासूबाई माझ्याकडं बघत म्हणाल्या, "पोटच्या पोरालाबी एवढं कडेवर घेतलं नाय कधी."

फौजदार अंड्यातून निघायच्या आधीच पडेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर आले होते. त्यांनी मला मानमोडीची लस टाकायला शिकवलं. मानमोडी हा कोंबड्यांचा सगळ्यात वाईट रोग. हिरवी शीट होते, पंख लोंबतात, चोच उघडून श्वास घेतात, आणि मग मान पिळल्यासारखी वळते. आला की घरंच्या घरं रिकामी होतात. लस म्हणजे नुसते डोळ्यांत टाकायचे थेंब. पण ते थंड राहिले पाहिजेत, म्हणून थर्मासात बर्फ घालून आणायचे आणि तासाभरात संपवायचे. मी आधी माझ्या कोंबड्यांना टाकले. वर्षभर त्यांना काही झालं नाही. पुन्हा टाकायची वेळ आली तेव्हा वाटलं, गल्लीतल्या सगळ्यांनाच टाकू. काकू कुरकुरल्या, पण तयार झाल्या. आपांनी कोंबड्या धरून दिल्या. रुक्मिणकडं दोन नवीन कोंबड्या दिसल्या. माहेरून आणल्या म्हणाली. त्यांनाही टाकले. फौजदार तेव्हा तिच्याच परसात होता, त्यालाही टाकले. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली होती, ती पायरीवर बसून हसत बघत होती.

आठवडा व्हायच्या आत रुक्मिणची पहिली कोंबडी मेली.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन. मग काकूंच्या खुराड्यात एक पंख टाकून बसली. मी जाऊन बघितलं तर तिची मान मागं वळायला लागली होती. मी तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, मानमोडीच आहे, लस टाकली तेव्हा रोग आधीच गल्लीत शिरलेला होता. लस अंगात भिनायला दिवस लागतात, तेवढी सवड मिळाली नाही. बाहेरून कुणी पक्षी आणला होता का, त्यांनी विचारलं. कुणीच काही बोललं नाही. मेलेल्या खोल पुरा, वर चुना टाका, आणि एकही कोंबडी गल्लीतून बाहेर जाऊ देऊ नका, बाहेरची आत येऊ देऊ नका, असं बजावून ते गेले.

डॉक्टरांनी सांगितलेलं मला पटलं, पण बायांना डोळ्यांनी दिसत होतं ते वेगळंच होतं. मी थेंब टाकले आणि कोंबड्या मरायला लागल्या. वरून माझ्या परसातल्या सगळ्या धडधाकट. त्यांना आदल्या वर्षीची लस होती, म्हणून त्या तगल्या. पण हे मी कुणाला सांगणार? नळावर मी गेले की बोलणं थांबायचं. काकू एकदा माझ्या तोंडावर म्हणाल्या की स्वतःच्या कोंबड्यांना एक औषध आणि आमच्यांना दुसरं, असं तर नव्हतं ना.

त्या दिवसांत एका सकाळी मी दार उघडलं तर रुक्मिण समोर उभी. हातात पायाला धरलेली मेलेली कोंबडी. तिनं ती आमच्या पायरीवर ठेवली. एरवी ती मला तू म्हणायची, हाक मारताना नुसतं सुमन. त्या दिवशी तिनं मला तुम्ही म्हटलं.

"तुमच्या हातानं औषध टाकलं," ती म्हणाली. "आता पुरा बी तुमच्याच हातानं."

मी कोंबडी उचलली, शेताच्या बांधाला खड्डा केला आणि पुरली. दुसऱ्या दिवशी पायरीवर दोन होत्या, त्यातली एक काकूंची. मग रोजच. सकाळी दाराची कडी काढायच्या आधी मी मनात आकडा धरायची, आज किती असतील. आपा तेवढ्या आपल्या मेलेल्या कोंबड्या स्वतः घेऊन यायच्या आणि माझ्याबरोबर खड्ड्यापाशी उभ्या राहायच्या. चुन्यानं माझ्या बोटांची सालं गेली होती. घरी येऊन मी साबणानं हात घासायची, लुगडं बदलायची, आणि मगच माझ्या परसात पाय टाकायची. सासूबाई मागच्या दारात बसून हे सगळं बघायच्या. मालक म्हणाले, सगळ्या कोंबड्या विकून मोकळी हो. विकायच्या नाहीत म्हणून तर डॉक्टर सांगून गेलेत, मी म्हटलं. ते जेवले आणि कामावर गेले.

फौजदार रुक्मिणच्या परसात होता हे लोकांच्या ध्यानात होतंच. तोच घरोघर फिरतो, त्यानंच रोग वाटला, असं आता सुरू झालं. मी त्याला घेऊन आले आणि परसापासून लांब, जुन्या न्हाणीत बांबूच्या डालग्याखाली कोंडला. दोन-तीन दिवसांनी त्यानं दाणा सोडला. मग आरवणं गेलं. एका दुपारी बघते तर तो एका अंगावर पडलेला आणि मान डावीकडं पिळलेली.

ही बातमी गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. काकू आणि रुक्मिण दोघी आल्या. तो जिता ठेवलात तर रोग जाणार नाही, त्याला कापून पुरून टाका, असं त्यांचं म्हणणं. खरं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जगायची आशा थोडी, आणि जगला तरी बरेच दिवस त्याच्यापासून धोका आहे. माझ्या इतर कोंबड्यांना काही झालं असतं तर लस खोटी ठरली असती आणि मीही. मी विळी आणायला वळले तेव्हा आपा आल्या. त्यांच्या परसात त्या दिवशी शेवटची कोंबडी मेली होती. त्या न्हाणीत शिरल्या, डालगं उचललं, फौजदाराच्या छातीवर हात ठेवला आणि तिथंच फरशीवर बसल्या.

"साँस चल रई ना अब्बी?" त्या कुणाकडंही न बघता म्हणाल्या. "चल रई तो छुरी नक्को."

काकू तोंडाला पदर लावून निघून गेल्या. रुक्मिण मात्र दारात उभी राहिली. माझ्याकडं तिनं एकदा बघितलं. राग होताच, पण त्यात दुसरंही काहीतरी होतं. ते तेव्हा मला कळलं नाही.

त्या दिवसापासून आपा रोज सकाळी न्हाणीत येऊन बसायच्या. कापसाची वात पाण्यात बुडवून फौजदाराच्या चोचीत पिळायच्या, ज्वारीच्या पिठाची पेज बोटानं घालायच्या. तो गिळायचा, अर्धं सांडायचं. जगेल असं मला एकदाही वाटलं नाही.

मग बाजाराचा दिवस उजाडला. मी आमच्या दारासमोरच्या नळावर होते. रुक्मिणचे मालक भानुदासभाऊ सायकल हातात धरून गल्लीतून येत होते, मागं कॅरियरला पोत्यानं झाकलेली पाटी बांधलेली. पाटीतून कोंबड्यांचा आवाज येत होता, पण तो नेहमीचा कलकलाट नव्हता. घशात पाणी अडल्यासारखी घरघर होती. मला लगेच कळलं. घागर तशीच टाकून मी पुढं गेले आणि सायकलीचं हँडल धरलं. परक्या पुरुषाच्या सायकलीला मी त्याआधी कधी हात लावला नव्हता.

"कुठं निघालात भाऊ?"

"बाजारला. सोडा."

"त्या आजारी हायेत. ज्याच्या घरी जातील त्याचं खुराडं रिकामं होईल."

"मग? माझं झालंच की रिकामं. ज्या चार-पाच उरल्यात त्या बी मराय लागल्या. तुम्ही देनार का भरून?"

"तुमचं झालं म्हणून दुसऱ्याचं करायचं का?"

भाऊ माणूस भला, कधी कुणाला वर आवाज करून बोलायचे नाहीत. त्या दिवशी त्यांच्या कपाळाची शीर फुगली होती. "आमाला इकणाऱ्यानं केला का असला इचार?" ते म्हणाले. "त्या दोघी चांगल्या म्हणून गळ्यात मारल्या त्यानं. घरी आणल्या तवाच त्यांचं नाक गळत व्हतं."

बोलून गेले आणि थांबले. माहेरच्या म्हणून सांगितलेल्या त्या दोन नव्या कोंबड्या बाजारातून आल्या होत्या. रोग माझ्या थेंबातून आला नव्हता आणि फौजदारानंही आणला नव्हता. तो भाऊंच्या याच पाटीतून, याच सायकलीवरून गल्लीत आला होता.

काकू त्यांच्या दारात उभ्या होत्या. त्यांना आमचं भांडण दिसत होतं, शब्द कळत नव्हते. मी नुसता आवाज चढवला असता तरी पुरे होतं. इतके दिवस पायरीवरच्या कोंबड्या उचलत होते, ते त्या एका वाक्यानं माझ्यावरून उतरून शेवटच्या घरावर जाणार होतं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी रुक्मिणच्या घराकडं बघितलं. ती उंबऱ्यात आली होती. तिच्यामागं लेक, भिंतीला टेकून, दिवस भरलेली. रुक्मिणनं माझ्याकडं बघितलं आणि ती जशी बघत होती त्यावरून मला कळलं, की तिला सगळं पहिल्यापासून ठाऊक आहे आणि आता मी काय करते याचीच ती वाट बघते आहे.

रागानं माझे कान तापले होते. पण ती गल्ली केवढी, माणसं किती. त्या पोरीचं बाळंतपण याच बायांच्या हातून व्हायचं होतं.

"ह्या मला द्या," मी भाऊंना म्हणाले. "ह्यांच्या बदल्यात माझ्यातल्या घेऊन जा. जितक्या पाटीत हायेत तितक्या."

ते माझ्याकडं बघतच राहिले. मग मला आठवलं की आपण घरात कुणालाच विचारलेलं नाही. वळून बघितलं तर सासूबाई आमच्या पायरीवर उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, भाऊंचं बोलणंसुद्धा. त्या आत गेल्या. मला वाटलं, आता दार लावून घेतात. थोड्या वेळानं त्या घरातूनच बाहेर आल्या, दोन्ही हातांत एकेक कोंबडी. धड धरताही येत नव्हत्या, एकीचा पंख मोकळा सुटून त्यांच्या तोंडावर फडफडत होता. परसातून मधल्या खोलीतून, उंबरा ओलांडून, त्यांनी त्या आणल्या होत्या.

"तांबडी बी देऊन टाक," त्या मला म्हणाल्या. "रोज अंडं देती ती. द्यायच्यात तर चांगल्या दे, मागून नाव ठेवायला जागा नको."

भाऊंनी पाटी सोडून दिली. पण आमच्या कोंबड्या लगेच त्या रोगाच्या खुराड्यात नेऊन चालणार नव्हतं. डॉक्टरांना विचारून मी सांगितलं, खुराडं खरवडून काढा, शिटेला आग लावा, चुना मारा आणि उन्हात उघडं पडू द्या. तोवर त्या कोंबड्या आमच्याकडंच राहिल्या, रुक्मिणच्या नावानं. त्यांची अंडी सासूबाई स्वतः शेवटच्या घरी नेऊन ठेवायच्या. पाटीतल्या कोंबड्यांपैकी एकही वाचली नाही. बांधाजवळचा शेवटचा खड्डा त्यांचा.

रुक्मिणच्या लेकीला मुलगा झाला. आपा आणि काकू दोघी तिथं होत्या. मला बोलावणं आलं नाही. त्या दोन कोंबड्यांची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, सासूबाईंनीही नाही. आमच्या दोघींत त्यावर कधी बोलणंही झालं नाही. पण न सांगण्याची किंमत मला मोजावी लागली. पुढच्या खेपेला मी थेंब घेऊन गेले तेव्हा काकूंनी दारातूनच नको म्हटलं. बाजूच्या वस्तीवरच्या बायाही नको म्हणाल्या. त्या गल्लीतलं ऐकून होत्या. रुक्मिण तर मी दिसताच आत जायची. वाईट ह्याचं वाटायचं, की तिला खरं माहीत होतं.

फौजदार मात्र वाचला. कसा, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मान थोडी डावीकडं वळलेली राहिली. दाणा टिपताना दोनदा नेम चुकायचा, तिसऱ्यांदा लागायचा. मी त्याला पावसाळा सरेपर्यंत वेगळाच ठेवला. आपांनी पुन्हा कोंबड्या पाळल्या नाहीत. मी तलंगा देऊ केल्या तर म्हणाल्या, आता हातात जोर नाही. त्यांचं ते स्वच्छ झाडलेलं, मोकळं परस बघून मला अजूनही चुटपुट लागते.

दिवाळी झाल्यावर रुक्मिणकडची तांबडी कोंबडी खुडूक झाली. तिनं तिच्याखाली अंडी बसवली. तीन आठवडे गेले, आणखी काही दिवस गेले, एकही अंडं फुटलं नाही. फुटणार कसं? गल्लीत कोंबडाच फिरत नव्हता. एका सकाळी रुक्मिण आमच्या कुंपणापाशी येऊन उभी राहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"कोंबडी बसून बसून उठली," ती म्हणाली. मी समजले.

मी डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, पुष्कळ दिवस झाले, आता त्याच्यापासून धोका नाही. वाकडी मान ही रोगाची खूण आहे, ती पिल्लांत उतरत नाही. मी हे गल्लीत सांगितलं. काकू म्हणाल्या, लस टाकताना बी असंच सांगितलं होतं. वाकड्या मानेच्या बापाची पिल्लं वाकड्या मानेचीच निघणार, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं. मी फौजदाराला काखेत घेऊन रुक्मिणच्या परसात सोडला. सुरुवातीला त्याला तोल सांभाळता येईना. कोंबडीच्या पाठीवरून दोनदा घसरून पडला. रुक्मिण खाली बघत उभी राहिली. मग हळूहळू त्याला जमलं. तांबडी पुन्हा खुडूक झाली तेव्हा अंडी बसवली.

ते तीन आठवडे मला त्या रोगाच्या दिवसांपेक्षा जड गेले. पिल्लू अंड्यात आडवं पडूनही वाकडं निघतं, अशक्त निघतं. कुठल्याही चांगल्या कोंबड्याचं एखादं तसं निघतंच. पण त्या खुराड्यात एक जरी तसं निघालं असतं, तरी पडेगावात माझ्या हातून कुणीही कधी थेंब टाकून घेतले नसते. डॉक्टरांचं खरं असून उपयोग नव्हता. सासूबाई रोज विचारायच्या, "फुटली का?" मी नाही म्हणायची.

मग एक दिवस सकाळीच भानुदासभाऊ आले आणि तिनं बोलावलंय म्हणाले. मी गेले. काकू आधीच येऊन कुंपणापाशी उभ्या होत्या. रुक्मिण खुराड्यासमोर उकिडवी बसली होती. तांबडीच्या पंखाखालून चिवचिव ऐकू येत होती. रुक्मिणनं हात घालून एक पिल्लू बाहेर काढलं, तळहातावर ठेवलं आणि बोटानं त्याची मान चाचपली. ते पडलं, पुन्हा उठलं, आणि मान ताठ करून ओरडलं. तिनं ते खाली ठेवलं आणि दुसरं काढलं. मग तिसरं. एकेक करून सगळ्यांच्या माना तिनं बोटानं बघितल्या. काकू कुंपणावरून वाकून बघत होत्या.

शेवटचं पिल्लू तिनं जरा जास्त वेळ हातात ठेवलं. मग ते कोंबडीखाली सारलं, पदरानं हात पुसले आणि काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं,

"सुमन, ह्यांला थेंब कवा टाकशील?"